संयुक्त वर्ग : सोय की संभाषा ?

गेल्या वर्षी एका आयुर्वेद महाविद्यालयात अतिथी व्याख्यानासाठी जाण्याचा योग आला. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. जे पाहिले ते तेवढ्या एका ठिकाणापुरते असेल असे मला वाटत नाही. विषय आमवाताचा होता. पुढच्या बाकांवर बी.ए.एम.एस. तृतीय वर्षाचे पन्नास-साठ विद्यार्थी आणि शेवटच्या बाकांवर कायचिकित्सा विषयात एम.डी. करणारे पाच-सहा जण, अशी बैठक होती. पदवी व पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र बसलेले पाहून मला प्रथम समाधानच वाटले. तास संपला आणि माझ्यापुढे दोन हजेरीपट आले. एक पदवीचा, दुसरा पदव्युत्तर विभागाचा. दोन्हींत त्याच दिवसाची, त्याच वेळेची आणि त्याच विषयाची नोंद झाली. शिकविला गेला एक तास, कागदावर झाले दोन. मागच्या बाकांवरील दोघे तासभर प्रबंधाचे तक्ते भरीत होते. त्यांना दोष द्यावा असे वाटले नाही, कारण मी सांगत होतो त्यातील बहुतेक भाग त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी परीक्षेत लिहून दिलेला होता.

हा अनुभव आमच्या शाखेच्या बैठकीत सांगितला, तेव्हा दोन मते पुढे आली. एक ज्येष्ठ वैद्य म्हणाले, ''यात गैर काय आहे ? गुरुकुलात पदवी आणि पदव्युत्तर असे दोन वर्ग होते का ? सगळे शिष्य एकत्रच बसत.'' दुसऱ्या एका वैद्यबंधूंची कन्या सध्या एम.डी. करीत आहे. ते ताडकन म्हणाले, ''शुल्क एम.डी.चे घ्यायचे आणि वर्ग बी.ए.एम.एस.चा दाखवायचा, याला गुरुकुल म्हणायचे का ?'' मला दोघांचेही म्हणणे पटले. ते परस्परविरोधी आहे असेही वाटले नाही. त्या दिवसापासून या विषयाचा विचार मनात घोळतो आहे, तो सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. दोन पातळ्यांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसविणे ही आयुर्वेदाच्या अध्ययनातील इष्ट, किंबहुना आवश्यक गोष्ट आहे. परंतु संहितेचा पाठ, रुग्णाची खाट आणि द्रव्याचा नमुना या तीनच ठिकाणी. व्याख्यानाच्या फळ्यासमोर त्यांना एकत्र बसविणे ही केवळ सोय आहे, आणि ती सोय विद्यार्थ्यांची नसून शिक्षकांची उणीव झाकू पाहणाऱ्यांची आहे.

गुरुकुलाचा दाखला आपण फार सहजपणे देतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. हे तिन्ही वेगवेगळे सांगितले आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अध्ययन ज्याचे त्याने करावयाचे. अध्यापन गुरूने परीक्षा करून स्वीकारलेल्या शिष्याला करावयाचे. संभाषा ही त्या शास्त्राच्या जाणकारांनी परस्परांशी करावयाची. आता आजच्या महाविद्यालयात पाहा. बी.ए.एम.एस.चा विद्यार्थी अध्ययनाच्या पायरीवर आहे. एम.डी.चा विद्यार्थी अध्यापनाच्या उंबरठ्यावर उभा आहे, कारण उद्या तोच शिक्षक होणार. त्या दोघांना समोरासमोर आणणारी तिसरी गोष्ट, म्हणजे संभाषा, वेळापत्रकात कोठेही नाही. चर्चासत्र नावाचा एक तास पदव्युत्तर विभागात असतो. परंतु तेथे एकाने पडद्यावर चित्रे दाखवावयाची आणि इतरांनी ती पाहावयाची, एवढेच बहुधा घडते.

सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्याय आपण सर्वांनी वाचला आहे. चैत्ररथ वनात ऋषी जमले आहेत आणि रस किती, हा प्रश्न आहे. भद्रकाप्य म्हणतो एक, शाकुंतेय म्हणतो दोन, आणि असे करीत बडिश धामार्गव आठापर्यंत व कांकायन तर असंख्यापर्यंत जातो. प्रत्येकाने आपले कारण दिले आहे. पुनर्वसु आत्रेय शेवटी बोलतात आणि सहा रसांचा सिद्धांत प्रस्थापित करतात. कोणी म्हणेल की ही विद्वान ऋषींची सभा होती, नवशिक्या शिष्यांची नव्हे. हा आक्षेप खरा आहे. परंतु ही सभा आपल्यापर्यंत पोहोचली ती कोणामुळे ? आत्रेयांकडे शिकणाऱ्या अग्निवेशाने गुरूचे सांगणे ग्रंथबद्ध केले म्हणून. चुकीची मते आधी ऐकून नंतर सिद्धांत ऐकणे, हा शिष्याच्या शिक्षणाचाच भाग होता. आजचा विद्यार्थी 'रस सहा' एवढेच लिहितो. बाकीचे आठ का नाकारले गेले, हे त्याला कोणी विचारीत नाही.

याहून थेट आधार सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात आहे. तंत्र तीन प्रकारे सांगता आले पाहिजे असे तेथे म्हटले आहे : वाक्यशः, वाक्यार्थशः आणि अर्थावयवशः. मूळ पाठ जसाच्या तसा म्हणणे, त्याचा अर्थ हेतू व उदाहरण देऊन उलगडणे, आणि त्यातील अवघड जागा पुन्हा फोडून स्पष्ट करणे, अशा या तीन पायऱ्या आहेत. अर्थ सांगताना तो तिन्ही प्रकारच्या शिष्यबुद्धींना कळेल असा सांगावा, ही अपेक्षाही तेथेच आहे. म्हणजे एकाच श्लोकासमोर तीन पातळ्यांचे शिष्य बसलेले आहेत, हे ग्रंथकाराने गृहीतच धरले आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने पाठ म्हणावा, तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने अर्थ सांगावा आणि एम.डी.च्या विद्यार्थ्याने अवघड जागा फोडावी, असा वर्ग कोणी भरविला तर त्याला मी शास्त्रसंमत संयुक्त वर्ग म्हणेन. 2022 च्या राष्ट्रीय आयोगाच्या पदवी अभ्यासक्रमविषयक नियमांनी संहिता अध्ययन हा विषय तिन्ही व्यावसायिक वर्षांत ठेवला आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या तीन वर्षांचे विद्यार्थीसुद्धा एकमेकांचे पाठ ऐकत नाहीत, मग एम.डी.ची गोष्ट दूरच.

असा वर्ग मी पाहिला आहे. बी.ए.एम.एस.ला असताना आम्ही काही जण एका निवृत्त गुरुजींच्या घरी संध्याकाळी चरकाच्या वाचनाला जात असू. सतरंजीवर पदवीचे आम्ही चार-पाच विद्यार्थी, एम.डी.चे दोघे, आणि दवाखाना बंद करून येणारे गावातले एक वैद्य. नियम एकच होता : सर्वांत लहानाने वाचावयाचे आणि पहिली शंका त्यानेच विचारावयाची. शंका नसेल तर पुढचा श्लोक नाही. उत्तर प्रथम एम.डी.वाल्यांनी द्यावयाचे, मग दवाखान्यातल्या वैद्यांनी आपला अनुभव सांगावयाचा, आणि गुरुजी शेवटी. पहिले दोन आठवडे मला लाज वाटे. नंतर लक्षात आले की माझ्या बावळट शंकांनी एम.डी.वाल्यांची अधिक पंचाईत होत असे. त्यांतले एक पुढे प्राध्यापक झाले. त्या सतरंजीवर आपली परीक्षेची तयारी उघडी पडली आणि वाचन तेथून सुरू झाले, असे ते आजही सांगतात. माझ्याकडे पदव्युत्तर पदवी नाही. परंतु ग्रहणीचिकित्सा मला जी काही कळली, ती त्या सतरंजीवर.

उपरोक्त अतिथी व्याख्यानातही असा एक क्षण आला होता. पुढच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, आमवात एवढा महत्त्वाचा व्याधी असेल तर चरकसंहितेत त्याचा स्वतंत्र अध्याय का नाही ?'' मी मागे पाहिले. प्रबंधाचे तक्ते बाजूला ठेवून एक विद्यार्थी उभा राहिला. माधवनिदानात हा व्याधी स्वतंत्र वर्णिला गेला, पुढे वृंद व चक्रदत्त यांच्या ग्रंथांत त्याची चिकित्सा आली, हे त्याने नीट सांगितले. तिने लगेच पुढे विचारले, ''मग चरकाच्या काळी असे रुग्ण नव्हते का ?'' येथे तो अडला. शेजारी बसलेली त्याची सहाध्यायिनी मदतीला आली. ग्रहणीचिकित्सेतील आमाचे वर्णन, त्रिविधकुक्षीय अध्यायातील आमदोष आणि वातव्याधीतील आवरणाचा विचार हे तिघे मिळून जुळवू लागले. दहा मिनिटे तो वर्ग खरोखर वर्ग झाला. मग घंटा झाली आणि ते दोन हजेरीपट आले.

त्या दहा मिनिटांत कोणाचा लाभ अधिक झाला, असे मला विचाराल तर मी एम.डी.च्या विद्यार्थ्यांचे नाव घेईन. 2017 पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली. तिच्या तयारीत वर्ष-दीड वर्ष पर्यायी प्रश्नांची पुस्तके घोकून आलेल्या विद्यार्थ्याला कोणता गण कोणत्या अध्यायात आहे हे अचूक ठाऊक असते. तो गण तेथे का आहे, हे विचारले की तो थांबतो. त्याला हे विचारण्याची हिंमत त्याचे सहाध्यायी करीत नाहीत, कारण तेही त्याच परीक्षेतून आलेले असतात. मार्गदर्शकांना प्रबंध वेळेत पूर्ण करून घ्यावयाचा असतो. उरतो तो पदवीचा विद्यार्थी, ज्याला अजून काय विचारू नये हे कळलेले नसते.

औषधी दुकानदार बंधूंना हा सर्व विषय आपला नाही असे वाटेल. माझी एक फजिती त्यांच्यासाठी सांगतो. नुकताच दवाखाना उघडला होता, तेव्हाची गोष्ट. अनिद्रेच्या एका रुग्णाला ब्राह्मीचे चूर्ण लिहून दिले. थोड्या वेळाने रुग्ण चिठ्ठी घेऊन परत आला. मागच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानातील काकांनी पेन्सिलीने लिहिले होते : ''डॉक्टरसाहेब, जलब्राह्मी देऊ की आपली नेहमीची ?'' मी त्या चिठ्ठीकडे पाहतच राहिलो. ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांचे गुणकर्म मला वेगवेगळे पाठ होते. परीक्षेत दोन्हींवर लिहिले होते. परंतु आपल्या बाजारात ब्राह्मी म्हणून जी पाने येतात ती बहुधा मंडूकपर्णीची असतात, हे मला ठाऊक नव्हते. मी शिकलो त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर द्रव्यगुणाचा पदव्युत्तर विभाग होता. तेथे दोन्ही वनस्पतींचे वाळविलेले नमुने शेजारी-शेजारी लावलेले होते. साडेचार वर्षांत आम्हाला तो जिना चढून जाण्याचे कारण कोणी दिले नाही. ज्या काकांनी चिठ्ठी पाठविली ते शाळेत फारसे गेलेले नव्हते. त्यांना माहीत होते.

द्रव्यगुणाचा तास म्हणूनच सर्वांत आधी एकत्र व्हावा. पदवीच्या विद्यार्थ्याने नमुना हातात घ्यावा, चाखावा, नाव सांगावे. एम.डी.च्या विद्यार्थ्याने त्या नावाखाली बाजारात आणखी काय काय विकले जाते ते मांडावे. अशोकाच्या नावाखाली येणारी आसुपालवाची साल, शंखपुष्पीच्या नावाने चालणाऱ्या दोन-तीन वेगळ्या वनस्पती, दारुहळदीत येणारे दक्षिणेकडील दुसरेच काष्ठ, हे विषय पदव्युत्तर प्रबंधांत वारंवार येतात आणि ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतात. चिठ्ठी लिहिणारा आणि चिठ्ठी वाचून पुडी बांधणारा, या दोघांपर्यंत ते पोहोचत नाहीत.

रुग्णाच्या बाबतीत फार लिहिण्याची गरज नाही. एकाच खाटेभोवती आंतरवासी, पदवीचा विद्यार्थी आणि एम.डी.चा विद्यार्थी उभे राहतात, हे आजही घडते. फक्त बोलण्याचा क्रम उलटा असतो. मोठा बोलतो, लहान लिहून घेतो. लहानाने आधी नाडी व जिह्वा पाहून आपले निदान बोलून दाखवावे, चुकले तर चुकू द्यावे, आणि मग इतरांनी बोलावे, एवढाच बदल करावयाचा आहे. त्याला खर्च काहीच नाही.

जे एकत्र असू नये तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. संशोधनपद्धती व संख्याशास्त्र, प्रबंधाचे मार्गदर्शन, पंचकर्मातील व शल्यातील प्रगत प्रात्यक्षिके हे एम.डी.-एम.एस.च्या विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे. त्याला ते पूर्ण वेळ मिळालेच पाहिजे. उलट शारीराची पहिली ओळख, पदार्थविज्ञानाची परिभाषा, रोगांची लक्षणे हे पदवीच्या विद्यार्थ्याला त्याच्या गतीने, वेगळे बसवून शिकविले गेले पाहिजे. मूल्यमापन तर सर्वस्वी वेगळे हवे. शंका विचारणाऱ्याला गुण मिळू लागले की शंका ठरवून विचारल्या जातात.

एक भीती रास्त आहे. एम.डी.चा विद्यार्थी हा बिनपगारी अध्यापक आहे अशी समजूत काही ठिकाणी दिसते. प्राध्यापक बाहेर गेले की, ''आज तू घे रे तास,'' असे सांगितले जाते. तो शिकवितो, पदवीचे विद्यार्थी ऐकतात, आणि नोंद प्राध्यापकांच्या नावे होते. याला संयुक्त वर्ग म्हणणे म्हणजे संभाषा या शब्दाची थट्टा आहे. संभाषेत गुरू उपस्थित असलाच पाहिजे, कारण शेवटचा निर्णय त्याचा आहे. म्हणून असे तास नियमित तासांच्या वर आणि वेगळे धरले जावेत. दोन हजेरीपटांत एक तास दोनदा लिहिण्याची वाट त्यामुळे आपोआप बंद होईल. आणि संख्या. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात कोणीच शंका विचारीत नाही. वीस-पंचवीस जणांच्या पलीकडे हा प्रयोग करण्यात अर्थ नाही.

दुसरी भीती लहानांच्या बाजूची. मोठ्यांसमोर चुकण्याची लाज असते, आणि मोठ्यांनाही लहानांना निरुत्तर करण्याचा मोह होतो. चरकाने संभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन भेद केले ते याचसाठी. संधाय संभाषेत निर्भयपणे विचारावे, निर्भयपणे विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगावे, आणि समोरचा हरला म्हणून हर्ष मानू नये, अशी शिस्त तेथे सांगितली आहे. वसतिगृहातील मोठेपणाची सवय जडलेल्या विद्यार्थ्यांना ही शिस्त आपोआप येणार नाही. ती शिक्षकाला लावावी लागेल. पहिल्या काही बैठकांत तर त्याला तेवढेच काम पुरेल.

नियम बदलल्याशिवाय हे होणार नाही, असे काही जण म्हणतील. मला तसे वाटत नाही. बी.ए.एम.एस.ची वर्षे प्रथम दीड-दीड वर्षाची तीन होती, 2012 मध्ये ती एक-एक-एक आणि दीड अशी चार झाली, 2022 च्या नियमांनी पुन्हा दीड-दीड वर्षाची तीन झाली. या फेऱ्यांत संभाषेचा तास कोठेही आला नाही आणि कोठूनही गेला नाही. जामनगरचे उदाहरण पाहा. तेथे 1956 साली पदव्युत्तर शिक्षणाचे केंद्र स्वतंत्र सुरू झाले. शेजारीच पदवीचे महाविद्यालय वेगळे नांदत होते. 2020 च्या कायद्याने दोन्ही एका राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेत विलीन झाली. ही मोठी गोष्ट आहे. परंतु एका कायद्याखाली येणे आणि एका श्लोकासमोर बसणे यांत अंतर आहे. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत दोन्ही अभ्यासक्रम वर्षानुवर्षे एकाच इमारतीत आहेत. तो जिना मात्र तसाच मोकळा राहिला आहे. याउलट राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाच्या गुरुशिष्य परंपरेच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात बी.ए.एम.एस. आणि एम.डी. दोन्ही पदव्यांचे विद्यार्थी मान्यवर वैद्यांकडे शिकण्यास पात्र धरले गेले. म्हणजे पदवी हाती पडल्यावर जे आपण मान्य करतो, ते पदवी मिळण्याआधी का नको ?

महाविद्यालयांनी सुरुवात करावी म्हणून वाट पाहणे मला मान्य नाही, कारण आपण व्यावसायिकही यात मोकळे नाही. आंतरवासी विद्यार्थी आपल्याकडे येतात, तेव्हा आपण त्यांना चिठ्ठ्या लिहावयास बसवितो. त्यांनी शंका विचारली तर, ''अनुभवाने कळेल,'' असे म्हणतो. मीही म्हटले आहे.

म्हणून आमच्या शाखेच्या कार्यकारिणीस मी लेखी विनंती केली आहे. महिन्यातील एका रविवारी सकाळी दोन तास संघटनेच्या सभागृहात संहितावाचनाची बैठक असावी. जवळच्या महाविद्यालयांतील पदवीचे दहा आणि पदव्युत्तर विभागांतील पाच विद्यार्थी, त्यांच्या प्राचार्यांच्या संमतीने, तिला बोलवावेत. व्यावसायिक वैद्यांनी बसावे आणि काष्ठौषधी विक्रेत्यांनीही बसावे. वाचन सर्वांत धाकट्याने करावे. पहिल्या बैठकीसाठी मी नागकेशर हे द्रव्य सुचविले आहे. त्या नावाखाली कोणी नागचाफ्याचे केसर देतो, कोणी सुरंगीच्या सुकलेल्या तांबूस कळ्या. दुकानदार बंधूंनी आपल्या बरणीतील मूठभर माल कागदी पुडीत घालून आणावा, पुडीवर खरेदीचे ठिकाण लिहावे. दुकानाचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.